ॲडलेड ते ब्रोकन हिल: भाड्याच्या गाडीचा अनुभव

आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत खाणींना लागणारे पंप बनवते. जूनमध्ये एका पंपाच्या कामासाठी मला ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला जावं लागलं. ॲडलेड विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची आणि 500 किलोमीटरच्या वर एकटीने जायचं. आमच्या लाइनमधल्या कुणाला जावं लागलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

गाडीला पाचपैकी पाच. हायब्रिड, ऑटोमॅटिक, स्वच्छ. ताशी 110 वर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावून लिटरला 18 च्या आसपास पडलं. तिथेही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे ठाणे-बेलापूर रोडवर बसलेला हात तिथे चालून जातो.

स्टेपनीला मात्र शून्य. वाटेतल्या यंटा गावात पेट्रोल भरताना डिकीतला गालिचा उचलून बघितलं, तर आत बारकं चाक आणि त्यावर स्टिकर: ताशी 80 च्या वर नेऊ नका. यंटा ते ब्रोकन हिल साधारण 200 किलोमीटर, म्हणजे वाशीहून निघून नाशिक ओलांडलं तरी भरवशाचा पेट्रोल पंप नाही असं समजा. फोनची रेंजही मध्येमध्ये जाते. घणसोलीला आईला सांगून ठेवलं होतं, "चार तास फोन लागला नाही तरी घाबरू नकोस."

खरी तक्रार गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरबद्दल आहे. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवली आणि जनावर आडवं आलं, तर नुकसान आपल्या माथी. ही अट कराराच्या आतल्या पानावर होती. सही घेताना कुणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या ऑफिसने तर संध्याकाळी पाचला काम आटोपून लगेच ॲडलेडला परत, असा बेत आखला होता. जूनमध्ये तिथे हिवाळा; सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. खाणीतल्या फोरमनने माझा बेत ऐकला, घड्याळाकडे बघितलं आणि सरळ मोटेलला फोन लावून माझ्यासाठी खोली घेतली.

सकाळी आठनंतर निघाले. पहिल्या 40 किलोमीटरांत रस्त्याकडेला 14 मेलेली कांगारू मोजली. एकावर भलामोठा गरुड बसला होता. गाडी अगदी जवळ आली तेव्हा कुठे जड पंख उघडून तो बाजूला झाला. त्या माणसाने खोली घेतली नसती तर मी रात्री याच रस्त्यावर असते, हे तेव्हा नीट समजलं.

परतताना ऊडला विराच्या नाक्यावर फळमाशीसाठी तपासणी होते. माझी दोन सफरचंदं तिथेच गेली. निघताना फळं घेऊच नका.

ऑगस्टमध्ये आमचा एक सहकारी जातोय. त्याच्यासाठी ब्रोकन हिलला दोन रात्री आधीच बुक केल्यात, आणि पूर्ण मापाची स्टेपनी हवी असं गाडीच्या कंपनीला ईमेलवर लेखी कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.