घरचं सोलर: नुसता नेट मीटर, हायब्रिड बॅटरी की जुनाच इन्व्हर्टर?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की दुसऱ्याच भेटीत विक्रेता विचारतो, "सर, ऑन-ग्रिड करायचं की हायब्रिड?" ऑन-ग्रिड म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेलं सोलर. हायब्रिड म्हणजे त्याला बॅटरीही जोडलेली. हायब्रिडचं कोटेशन बघून पोटात गोळा येतो. तेवढ्यात कॅलिफोर्नियातला भाचा व्हॉट्सॲपवर ठणकावून सांगतो की बॅटरीशिवाय सोलर म्हणजे पैसे पाण्यात. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. तिथे एप्रिल २०२३ नंतर अर्ज केलेल्यांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा खूपच कमी मिळतो. म्हणून दुपारची वीज साठवून संध्याकाळी घरातच वापरणं तिथे परवडतं. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम लागू आहेत. घर महावितरणचं असो, अदानीचं, टाटाचं की बेस्टचं, नियम तेच. नेट मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, घेतला की दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटमधून सरळ वजा होतं, एकास एक. या महिन्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ३१ मार्चपर्यंतच. त्या दिवशी जी शिल्लक असेल ती आयोगाने ठरवलेल्या दराने वीज कंपनी विकत घेते, आणि तो दर आपण वरच्या स्लॅबमध्ये जो मोजतो त्याच्या आसपासही नसतो. थोडक्यात, वर्षभरापुरती ग्रिड हीच तुमची बॅटरी आहे, आणि तिच्यात साठवलेलं काही गळत नाही.

खरी बॅटरी मात्र गळते. लिथियम बॅटरीत रोज पाच युनिटं भरली आणि काढली तर बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून दहा-पंधरा टक्के वाटेतच जातात. लेड-ॲसिडमध्ये त्याहून जास्त. म्हणजे नेट मीटर असताना बिल वाचवण्यासाठी बॅटरी घेणं म्हणजे पदरचे पैसे घालून युनिटं कमी करून घेणं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये "बॅटरीमुळे मासिक बचत" असा रकाना दिसला तर ती बचत कुठून आली हे त्याच्याकडूनच वदवून घ्या.

मग बॅटरी हवी कशाला? लाइट जाते म्हणून, दुसरं कारण नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी घरात अंधार. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसा नियमच आहे. बॅटरी असलेल्या यंत्रणेलाही तो चुकत नाही. ग्रिड बंद असताना वीज बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था, शिवाय आपोआप आणि हाताने तोडता येणारा स्विच, दोन्ही लागतात. हायब्रिडवाल्याने हे आराखड्यात दाखवलं नसेल तर आधी दाखवायला लावा.

आता तिसरा पर्याय, जो कोटेशनमध्ये सहसा नसतो. कित्येक घरांत जिन्याखाली एक इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आधीच असते. १२ व्होल्टच्या अशा बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते, तिचं आयुष्य सांभाळायचं तर निम्मीच वापरावी. तरी दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय चार-पाच तास चालतात. शहरात किंवा तालुक्याच्या गावी, जिथे लाइट आठवड्यातून दोनदा तास-दीड तास जाते, तिथे ऑन-ग्रिड सोलर अधिक हा जुना इन्व्हर्टर ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. फक्त जोडणी नीट बघा. सोलरची तार मेनच्या बाजूला, घरच्या इन्व्हर्टरच्या आधी जोडायची. ती त्याच्या आउटपुटवर जोडली तर लाइट गेल्यावर सोलर त्यालाच ग्रिड समजून उलटी वीज ढकलू शकतं, आणि मग इन्व्हर्टर-बॅटरी दोन्हींची वाट लागते.

हायब्रिडचा पैसा वसूल होतो तो फीडरच्या, म्हणजे भागाला वीज आणणाऱ्या लाइनच्या, टोकाला असलेल्या घरांत, जिथे दिवसाढवळ्या तासन् तास लाइट नसते. तिथे दुहेरी नुकसान होतं. घर बंद, आणि ३ किलोवॉटचं सोलर भर दुपारी ताशी दोनेक युनिटं बनवायचं तेही बंद. घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा लशींचा फ्रिज असेल तर हिशेबच करू नका, बॅटरी घ्या. पण ती अख्ख्या घराला जोडू नका. पंखे, दिवे, फ्रिज यांचं सर्किट वेगळं काढून तेवढ्यालाच द्या. गीझर तिच्यावर राहिला तर पाच युनिटांची बॅटरी अडीच-तीन तासांत रिकामी होईल. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलरसाठीच्या योजनेचं अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च सगळा तुमचा.

बॅटरीपेक्षा मोठी फसगत होते ती किलोवॉटच्या आकड्यात. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० ला थांबतं. त्यामुळे सगळे डोळे मिटून ३ किलोवॉट मागतात. महिन्याला ३०० युनिटं लागणारं महावितरणचं घर घ्या. २०२४-२५ च्या दरांत वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) धरून पहिली १०० युनिटं ५.८८ रुपयांनी, पुढची २०० ११.४६ रुपयांनी. वीज आकार झाला २,८८० रुपये. २ किलोवॉट महिन्याला सरासरी २४० युनिटं देईल. उरली ६०, म्हणजे ३५० रुपयांच्या आसपास. अडीच हजार वाचले, वर १६ टक्के वीज शुल्कही तेवढं कमी. आता तिसरा किलोवॉट टाका. तो आणखी साडेतीनशेच वाचवतो, आणि त्याची निम्मी युनिटं मार्चअखेर किरकोळ भावात जातात. सोलर आधी वरचा महागडा स्लॅब खातं, स्वस्त स्लॅबपर्यंत पोचलं की त्याचा फायदा पातळ होतो. ५०० युनिटं जाळणाऱ्या घराला मात्र ३ किलोवॉट डोळे झाकून. तिथे महिन्याला पाच हजारांच्या जवळपास बचत दिसते. दर बदलत राहतात, म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून हेच गणित स्वतःच्या आकड्यांवर करा. स्थिर आकार कुठल्याच पर्यायात सुटत नाही.

नेट बिलिंग नावाचा आणखी एक पर्याय अर्जात दिसेल. त्यात बनवलेली सगळी वीज ठरलेल्या दराने विकायची आणि वापरलेली नेहमीच्या दराने घ्यायची. घरासाठी सोडून द्या.

एक गोष्ट हा निकाल पुढे फिरवू शकते. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली आहे. उद्योगांसारखं उद्या घरांचंही युनिट कोणत्या तासाला दिलं आणि घेतलं यावर मोजलं जाऊ लागलं, तर दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाला पुरणार नाही आणि भाच्याचं म्हणणं इथेही लागू होईल. अजून ते झालेलं नाही. न झालेल्या नियमासाठी आज बॅटरी घेऊ नये. थोडे पैसे जास्त देऊन, पुढे बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर घ्यायला हरकत नाही.

कागदपत्रांचं फार दडपण घेऊ नका. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळाल्याचं धरलं जातं. बिलावरचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला मंजूर केलेले किलोवॉट, तेवढा आधी बघा. जुन्या घरांत तो एक-दीड किलोवॉटच असतो, आणि विक्रेत्याला ते मीटर बसवायच्या दिवशी आठवतं.