13,500 रुपयांत बंगळूर

इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा पेढीवर मी 19 वर्षं हिशेब बघते. दिवसाला वीस-पंचवीस बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावत्या, हातातून जातात. भाडं टू-पे (माल घेणाऱ्याने भरायचं) की पेड, हम्माली कुणाकडे, नग किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी स्वतःच्या गाडीची बिल्टी मी घडी घालून पर्समध्ये टाकली आणि वाचली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे “शिकलीसवरलेली बाई अशी कशी फसली” असं म्हणायची तुमची मेहनत वाचेल.

लेकीला बंगळूरला नोकरी लागली. आमची पांढरी वॅगनआर, एमपी 09 पासिंगची, लोकमान्यनगरात झाडाखाली चिमण्यांची सोय म्हणून उभी होती. मोतीबिंदूनंतर हे लांबचं चालवत नाहीत, मला येत नाही. इंदूर-बंगळूर तेराशे किलोमीटरच्या वर. लेक म्हणाली, “आई, ट्रान्सपोर्टने पाठवून द्या, सगळे तसंच करतात.”

नेटवर एक फॉर्म भरला. फोन टेबलावर ठेवेपर्यंत पहिला कॉल आला, संध्याकाळपर्यंत अकरा. प्रत्येकाला माझं नाव, गाडीचं मॉडेल, कुठून कुठे, सगळं पाठ. तो फॉर्म गाडी वाहणाऱ्याचा नव्हताच, नंबर वाटणाऱ्याचा होता, हे मला फार उशिरा उमगलं. भाव सगळ्यांचे 21 ते 26 हजारांच्या मध्ये. एकानेच 13,500 सांगितले, तेही बंद कंटेनर, दारापासून दारापर्यंत, इन्शुरन्ससकट. “आंटी जी, टेंशन मत लो, आपकी गाड़ी हमारी गाड़ी.” (हे त्याने शब्दशः खरं करून दाखवलं.) हळद कुणी बाजारभावाच्या निम्म्यात देऊ केली तर मी पोतं उघडून वास घेते. इथे तीन हजार ॲडव्हान्स यूपीआयने टाकून मोकळी झाले. स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. म्हटलं, मालक असेल.

न्यायला दोन पोरं आली, एका मोटारसायकलवर. कंटेनर गल्लीत येत नाही, देवास नाक्यावर उभा आहे, तिथपर्यंत गाडी आम्ही चालवत नेतो, म्हणाली. आता हे खोटं नव्हे. एवढ्या लांबीचा ट्रक आमच्या गल्लीत वळणार कुठे? एक गोष्ट खरी निघाली म्हणून मी बाकीचंही खरं धरलं. एकाने गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. आम्ही काढला नाही. डिकीत मी लेकीसाठी मिक्सर, आजीची गोधडी आणि कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली होती. पोरांनी बरणी लवंडू नये म्हणून गोधडीत नीट गुंडाळून दिली. नंतर देवास नाक्यावरच्या एका जुन्या बुकिंगवाल्याने सांगितलं, सरळ धंदा करणारा गाडीत घरसामान ठेवूच देत नाही, कारण विमा गाडीचा असतो, सामानाचा नाही.

निघताना एकाने विचारलं, “अंकल, टंकी फुल है ना?” ट्रकवर चढून जाणाऱ्या गाडीला टाकी कशाला भरलेली लागते? उलट पाव टाकीच्या आत ठेवा म्हणतात. हे अभिमानाने म्हणाले, “कालच भरली.” यांची पेट्रोलची एक वही आहे. प्रत्येक वेळी तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा लिहितात. त्या वहीवरून मी लग्नापासून यांना चिडवत आलेय. शेवटची नोंद होती 38,412.

रात्री पावणेबाराला यांच्या मोबाइलवर फास्टॅगचा मेसेज आला: खलघाट टोल, पैसे कापले. मग शिरपूर. पहाटे सोनगीर. मी फोन केला तर उत्तर आलं, ट्रकवरच्या गाडीचाही टॅग कधीकधी मशीन वाचतं. वाचतही असेल. पण तीन टोलवर तीनदा?

त्यानंतर तीन दिवस ना मेसेज ना फोन. चौथ्या दिवशी नवा नंबर, नवा आवाज. गाडी यार्डात उभी आहे. बॉर्डर टॅक्स, जीएसटी आणि इन्शुरन्स मिळून 17,800 भरा, नाहीतर रोजचे 600 पार्किंग चढतील. बॉर्डर टॅक्स! जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कर्नाटकाचा रोड टॅक्स लागतो, पण तो गाडीची तिकडे नोंदणी करताना आरटीओत भरायचा, वाटेत कुणा यार्डवाल्याकडे नाही. नोंदणीला कायद्याने बारा महिने मिळतात, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 लागतो. हे सगळं मला येत होतं. आणि तरी मी नऊ हजार पाठवले. कारण तो माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, रात को कोई काँच तोड़ दे तो हमारी ज़िम्मेदारी नहीं.” आणि मागे उभे राहून हे म्हणत होते, देऊन टाक बाई, गाडी सुटू दे.

दुसऱ्या दिवशी उरलेले 8,800 मागितले. तेव्हा कुठे बिल्टी पर्समधून काढून पेढीवर नेली. शेठजींनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि काही न बोलता एका रकान्यावर बोट ठेवलं. ट्रक नंबरच्या जागी आमच्या वॅगनआरचाच नंबर लिहिलेला. म्हणजे कंटेनर कधी नव्हताच. आमची गाडी हाच ट्रक आणि हाच माल.

मग एकेक सुटत गेलं. पैसे गेले एका माणसाच्या नावावर, बिल्टी दुसऱ्या नावाची, विम्याच्या कागदावर तिसरंच नाव. बिल्टीवरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे 07, म्हणजे दिल्ली. मध्य प्रदेशाचे 23 असतात आणि ते लोक तर ऑफिस इंदुरात सांगत होते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला (लॉगिनही लागत नाही), तर नोंदणी रद्द झालेली. विमा कंपनीला फोन केला तर त्या नंबरची पॉलिसीच नाही. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालवाल्याची. किराणा मालाच्या बिल्टीवर हे शब्द मी रोज बघते. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे 2011 चे नियम बघितले, तर मालाची जास्त किंमत बिल्टीवर जाहीर करून तसं भाडं भरलेलं नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे आमच्या साडेतीन लाखांच्या गाडीला कागद खरा असता तरी 1,35,000 च्या वर काही मिळालं नसतं.

शेठजींच्या ओळखीचा एक ट्रान्सपोर्टवाला धुळ्याला आहे. शेवटचा टोल सोनगीर, म्हणून त्याने माणूस पाठवून त्यापुढचे ढाबे बघायला लावले. संध्याकाळी फोटो आला. ढाब्यामागे, टायरांच्या ढिगाशेजारी, आमची गाडी. फास्टॅग काढून द्या असं मला एकीने सुचवलं होतं, मी विसरले होते. ते विसरणंच कामी आलं.

धाकटे दीर आणि मी रात्रीच्या बसने निघालो. दुसरी किल्ली आणि मूळ आरसी आमच्याकडेच होती, पोरांना झेरॉक्स दिली होती, एवढं एक शहाणपण घडलं होतं. ढाब्यावाला म्हणाला, “ताई, मला काय माहीत? पोरं दोनशे रुपये रोज देतो म्हणून लावून गेली.” आम्ही 112 लावला, हवालदार आले, आरसी बघितली आणि गाडी ताब्यात दिली.

दार उघडलं तर गुटख्याचा वास. सीट पार मागे सरकवलेली, डॅशबोर्डवर सुकलेली झेंडूची माळ. मीटरवर 39,071. घरापासून तिथवर फार तर अडीचशे किलोमीटर. वरचे चारशे कुणी कुठे फिरवले देव जाणे. स्टेपनी नाही, मिक्सर नाही, गोधडी नाही. लोणच्याची बरणी मात्र होती, अर्धी, आणि आत स्टीलचा चमचा.

सायबर तक्रारीचा 1930 मी नऊ हजार गेल्यावर तीन दिवसांनी लावला. पलीकडच्या बाईंनी यूटीआर, म्हणजे बँक व्यवहारांचे, नंबर घेतले, पण खातं तोवर रिकामं झालं होतं. लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. मी ते तीन दिवस त्या माणसाला विनवण्या करण्यात घालवले.

महिन्याभराने गाडी पुन्हा पाठवली, 23,500 देऊन. या वेळी देवास नाक्यावर स्वतः उभी राहिले. गाडी कॅरिअरवर चढलेली बघितली, बिल्टीवर ट्रकचा नंबर आणि गाडीची किंमत लिहून घेतली, विमा कंपनीला फोन करून पॉलिसी खरी असल्याचं विचारलं, पैसे कंपनीच्या खात्यात आणि निम्मे पोचल्यावर. डिकी रिकामी. सातव्या दिवशी लेकीचा फोन आला, पोचली, धूळ फार आहे.

नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून बिल्टीवरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. ‘या पत्त्यावर असे कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन पाकीट परत आलं. यांनी ते न फोडता पेट्रोलच्या वहीशेजारी खणात ठेवलंय. चमचाही तिथेच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. तो आमचा नाही.