घरी केलेला शेवाळ-स्क्रबर: सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांपूर्वी आमच्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतले दगड दिसेनासे झाले होते. तीन फुटी टाकी, साधारण 180 लिटर पाणी, दोन क्लाऊनफिश, एक गोबी मासा, थोडे झोअँथिड आणि मशरूम (दोन्ही प्रवाळासारखे मऊ जीव). (दगडी प्रवाळ मी ठेवत नाही, आपल्याकडे ते 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे पाळायला बंदी.) दगडांवर शेवाळाचे बोटभर लांब हिरवे केस. आई एकदा फुलांची परडी घेऊन जाताना थांबली नि म्हणाली, "अरे, याला न्हाव्याकडे तरी ने."

टूथब्रश झाला, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगाई झाल्या, तीन दिवस दिवे बंद ठेवून झाले. उपटलं की दहा दिवसांत पुन्हा हजर. मी खापर पाण्यावर फोडत होतो. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपांवरून चढून एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरिंग. तेच घरच्या आरओतून काढून टाकीत घालायचो. टीडीएस (विरघळलेले क्षार) 38. पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडलं तेव्हा शून्य आला, आणि वाळूवरचा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर गेला, कारण त्याला लागणारं सिलिकेट थोडंफार आरओतून निसटतं. हिरवे केस मात्र जागच्या जागी. खरी चूक माझ्या हाताची होती: रोज गोठवलेल्या कोळंबीचे तीन क्यूब. जे आत पडतं ते आतच राहतं.

स्क्रबरची युक्ती म्हणजे शेवाळाला टाकीपेक्षा चांगलं घर बांधून देणं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1982 मध्ये तिचं पेटंट घेतलं. खरखरीत जाळी, तिच्यावरून पातळ धावतं पाणी, झगझगीत उजेड. शेवाळ तिथे माजतं, खाण्यातून पाण्यात उतरलेलं नायट्रेट-फॉस्फेट (त्याचं खतच ते) ओढून घेतं, आपण खरवडून बाहेर काढतो. जाळी किती मोठी, हे टाकीच्या लिटरवर नाही, खाण्यावर ठरतं: दोन्ही बाजूंनी उजेड असेल तर रोजच्या एका क्यूबला 12 चौरस इंच. मी तीन क्यूबांवरून दोनांवर आलो, म्हणून 6 बाय 4 इंच.

जाळी म्हणजे लोकरीच्या भरतकामाची प्लॅस्टिकची, राजवाड्याजवळून आणलेली. दुकानदाराने विचारलं, "कौन सा डिजाइन बनाओगे भिया?" होल-सॉने (भोकं पाडायच्या दातेरी पात्याने) ती इतकी घासली की हातावर ओरखडे उठले. 6 इंच रुंदीला ताशी 800 लिटर पाणी, पीव्हीसी पाइपाला कापलेली चीर, दोन्हीकडे 660 नॅनोमीटरचे लाल ग्रो लाइट, अ‍ॅक्रिलिकचा डबा साइनबोर्डवाल्याकडून. पंपासकट साडेचार हजार.

पहिले तीन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी चिखल, मग हिरवळ. टाकीत मात्र दोन महिने काही म्हणजे काही फरक नाही. नायट्रेट 40 वरून 10 वर आलं तरी केस तसेच, कारण दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. पाणी तपासायच्या किटवर फॉस्फेट कमी दिसतं त्यावरही जाऊ नका. शेवाळ ते आधीच गिळून बसलेलं असतं.

तिसऱ्या महिन्यात घाई नडली. फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांची पिशवीही सोबत लावली. आठ दिवसांत दोन्ही किट शून्य, मी खूश. पुढच्या आठवड्यात वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबूड. रात्री विरळ, दुपारी पुन्हा दाट. डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव! झोअँथिड मिटून बसले, दोन गोगलगाई मेल्या. पिशवी काढली, स्क्रबरचा दिवा 16 तासांवरून 6 वर आणला, उलट खाणं वाढवलं. ही घाण उपाशी पाण्यातच फोफावते, हे तेव्हा कळलं. निस्तरायला दीड महिना गेला. आता नायट्रेट 5 ते 8, फॉस्फेट 0.05 च्या वर ठेवतो आणि शून्य दिसलं की पोटात गोळा येतो.

पाचव्या महिन्यात दगडावरचे केस पिवळट पडले, चिमटीत धरले की मुळासकट सुटायला लागले. खालून जांभळं कोरलाइन (दगडावर चढणारं कडक, हवंसं शेवाळ) दिसलं. बबल अल्गीला (फुगे धरणाऱ्या शेवाळाला) मात्र स्क्रबरने ढिम्म फरक पडला नाही. ती हातानेच काढतो, न फोडता.

कटकटीही सांगतो. चिरेत शेवाळ वाढून पाणी एकाच बाजूने वाहतं. शिंतोड्यांनी वायरींवर मिठाचा थर चढतो. पाणी पिवळसर होतं, म्हणून रंग शोषणारा कार्बन लागतो. दिवा मी रात्री चालवतो, म्हणजे पीएच फार उतरत नाही. पण हॉलमध्ये झोपणाऱ्या पाहुण्यांना लाल उजेड आणि पाण्याची झुळझुळ दोन्ही सोसावं लागतं. मेमध्ये रोज चार लिटर गोडं पाणी वर घालावं लागलं, त्यातलं किती स्क्रबरमुळे आणि किती इंदूरच्या उन्हामुळे, देव जाणे.

दर रविवारी जाळी सिंकमध्ये नळाखाली धरून खरवडतो. हिरवी जाड चादर निघते, समुद्राचा वास येतो. आई ती दोन-तीनदा धुऊन, मीठ घालवून, खताच्या खड्ड्यात टाकते आणि दूधवाल्याला विचारावं तसं विचारते, "आज किती?" गेल्या रविवारी पिळून 90 ग्रॅम.