यामाहा एफजी ८००: न वाजवता मागवायची असेल तर

पुण्या-मुंबईत दुकानात जाऊन चार गिटार मांडीवर घेऊन बघता येतात. लातूर, चिपळूण किंवा गोंदियातून तेवढ्यासाठी जाऊन येणं परवडत नाही, आणि जवळच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या असतात त्या बहुतेक चार-सहा हजारांच्या. मग वीस हजारांच्या आसपासची गिटार फोटो बघूनच मागवली जाते. त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त सुचवली जाते ती यामाहाची एफजी ८००.

सुचवतात ते बरोबरच आहे. आवाजात हिच्या तोडीच्या आणखी आहेत. फेंडरची सीडी-६०एस घेतली तरी पस्तावायची वेळ येत नाही. पण एफजी ही मालिका १९६६पासून चालू आहे, ८०० हे तिचं २०१६चं रूप, आणि एका नगात आणि दुसऱ्यात फारसा फरक पडत नाही. बघायला न मिळणाऱ्या वस्तूत हा गुण आवाजापेक्षा मोठा. तरीही डब्यातून येणारी गिटार वाजवायला तयार असेलच असं नाही. मॉडेलवर डोळे झाकून भरवसा ठेवता येतो, हातात आलेला नग मात्र मोजूनच ठेवायचा.

आधी वर्णन नीट वाचा. टॉप म्हणजे गिटारची पुढची फळी, स्प्रूस हे तिचं लाकूड. ‘स्प्रूस टॉप’ आणि ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ यात हजारोंचा फरक आहे. नुसतं ‘स्प्रूस’ लिहिलं असेल तर तो बहुधा प्लायचा असतो. यामाहाचीच एफ ३१० तशी आहे. शिकायला उत्तम, पण ती वेगळ्या वर्गातली. एफजी ८००चा टॉप अखंड सिट्का स्प्रूसचा, मागची बाजू आणि कडा प्लायच्या. एफजी ८२०ला महोगनी आणि ८३०ला रोझवुड येतं, पण तेही प्लायच, आणि टॉप तोच. न ऐकता घेताना त्या वरच्या पैशांतून काय मिळालं हे सांगणं अवघड. ते पैसे चांगल्या जाड बॅगेवर आणि सेटअपवर (नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्यावर) गेलेले बरे. पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत नेणारं उपकरण, या मॉडेलला नाही. स्टेजवर लावायची असेल तर एफजीएक्स ८००सी बघा. नंतर बाहेरून बसवलेला पिकअप जमतो, पण खर्च आणि खटपट दोन्ही वाढतात.

आवाजापेक्षा अंदाज चुकतो तो आकाराचा. ही पूर्ण ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद बॉडीची गिटार आहे, बॉडीची जाडी १०० ते ११८ मिमी. बारीक चणीच्या माणसाचा उजवा खांदा अर्ध्या तासात भरून येतो, आणि फोटोत हे कळत नाही. घरातला जाड पुठ्ठ्याचा खोका कापून साधारण ४१ सेंमी उंच आणि १२ सेंमी जाड करा, मांडीवर उभा धरा, उजवा हात वरून टाका आणि दहा मिनिटं तसेच बसा. खांदा वर उचलला जात असेल तर एफएस ८०० मागवा. टॉप तसाच, बॉडी लहान (९० ते ११० मिमी), तारेची लांबी ६५०ऐवजी ६३४ मिमी, त्यामुळे तारा किंचित मऊ लागतात. खर्ज थोडा कमी मिळतो, गाण्याच्या साथीला तो फारसा जाणवत नाही. नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी दोन्हींची ४३ मिमी. नायलॉनच्या क्लासिकलवर (५२ मिमी) शिकलेल्यांना पहिले दोन आठवडे बोटं एकमेकांत अडकल्यासारखी वाटतील.

मागवण्याआधी एवढं बघा की परत घेतात म्हणजे पैसे परत देतात, की फक्त बदलून देतात, आणि किती दिवसांत. खाली सांगितलेलं सगळं त्या मुदतीत उरकायचं आहे.

डबा आला की सलग एका व्हिडिओत उघडा, डब्याचे कोपरे आधी दाखवून. उन्हाळ्यात टेम्पोतून तापून आलेली गिटार चार-पाच तास तशीच राहू द्या, लगेच तारा ताणू नका. मग मोबाइलचा टॉर्च लावून चार जागा तपासा. नटच्या मागे, जिथे हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) वाकतो तिथे केसासारखी रेघ आहे का? डबा आपटला की पहिला मार तिथेच बसतो. पॉलिशवरची रेघ आणि लाकडातली चीर यांत घोळ झाला तर हेडस्टॉक हलक्या हाताने मागे-पुढे दाबा. रेघ उघडली तर चीर. नेकची टाच बॉडीला मिळते त्या सांध्यात फट नको. ब्रिजच्या (टॉपवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. शेवटी टॉपवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करा. कुठे खुळखुळ किंवा झणझण आली तर आतली एखादी पट्टी सुटलेली असते. यातलं काहीही सापडलं तर पुढचं मोजमाप करत बसू नका, परत पाठवा. टॉप खरंच अखंड आहे का हे साउंडहोलच्या कडेला दिसतं: वरच्या पृष्ठावरच्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली उतरलेल्या दिसायला हव्यात. प्लायमध्ये तिथे थर दिसतात.

आता मोजमाप. ट्यूनरवर ई ए डी जी बी ई लावा आणि रात्रभर ठेवा. कारखान्याच्या तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो, लाकूड त्याखाली स्थिरावायला वेळ घेतं. सकाळी पुन्हा सुरात आणून मग मोजा. पट्टी स्टीलची हवी, अर्ध्या मिमीच्या खुणा असलेली आणि शून्य अगदी टोकावर असलेली. शाळेच्या प्लॅस्टिक पट्टीला टोकाला मोकळी जागा असते, तिने मोजलं की सगळंच फसतं.

आधी नेकचा बाक. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एका हाताने आणि चौदाव्यावर दुसऱ्याने दाबा. आता ती तार म्हणजेच सरळ पट्टी. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर साधे झेरॉक्स कागद, दोन एकावर एक, अलगद सरकले पाहिजेत; एक कागद साधारण ०.१ मिमीचा. फट अजिबात नसेल तर नेक ताठ आहे आणि पहिल्या पाच फ्रेटवर तार फडफडणार. जाड व्हिजिटिंग कार्ड सहज जात असेल तर बाक जास्त. दोन्हींवर उपाय ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई. तो साउंडहोलमधून अ‍ॅलन कीने फिरतो. घड्याळाच्या दिशेने घट्ट, म्हणजे बाक कमी. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर, पुन्हा माप. अर्ध्या फेऱ्यात काम झालं नाही तर थांबा आणि जाणत्याला दाखवा.

मग अ‍ॅक्शन. म्हणजे तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहावी २.५ मिमीच्या आसपास आणि पहिली (सगळ्यात बारीक) १.८ ते २ असली की हात सुखी. नव्या गिटारला बऱ्याचदा सहावी २.८ ते ३ भरते. हा दोष म्हणून परत पाठवू नका. कंपन्या अ‍ॅक्शन जरा उंचच ठेवतात, कारण तार फडफडली की तक्रार येते, बोटं दुखली तर नवखा स्वतःलाच दोष देतो. तिसरं माप नटचं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट हवी. तिथे दोन कागद जात असतील तर नटच्या खाचा उथळ आहेत. एफ कॉर्ड धरताना जीव जातो तो बऱ्याचदा यामुळे, आणि लोक उगाच सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) घासत बसतात.

मुदतीत तपासायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेकचा कोन. अर्धा मीटरची सरळ पट्टी फ्रेटवर उभी ठेवून ब्रिजपर्यंत न्या. पट्टीची खालची कड ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला टेकावी किंवा निसटती वरून जावी. ती ब्रिजच्या उभ्या कडेवर येऊन धडकत असेल तर सॅडल कितीही घासलं तरी अ‍ॅक्शन खाली येणार नाही. दुरुस्ती म्हणजे नेक काढून पुन्हा बसवणं, आणि ती या किमतीच्या गिटारला परवडत नाही. थेट परत.

फडफड कुठे येते यावरून कारण कळतं. मोकळी तारच झणझणत असेल तर नटची खाच खोल. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय: जुनं एटीएम कार्ड तीन फ्रेटवर उभं ठेवून डोलवा, मधल्यावर डुललं तर तोच चोर. बाराव्याच्या पुढे सगळीकडे येत असेल तर सॅडल फार खाली, किंवा पुन्हा तोच कोन. तंबोऱ्यात जी जवारी मिरजेचे कारागीर सुताच्या धाग्याने जुळवून आणतात, ती इथे नकोशी पाहुणी आहे.

सॅडलला हात परत करायची मुदत संपल्यावरच लावा. घासलेली गिटार कुणी परत घेत नाही. हिशोब सोपा आहे: बाराव्यावर जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलच्या बुडातून जायला हवं. ३ वरून २.५वर आणायचं तर १ मिमी. तारा सैल करा, सॅडल काढा, बुडाजवळ पेन्सिलने रेघ मारा. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सॅडल उभं धरून सरळ घासा. हात तिरका झाला की बूड गोल होतं आणि आवाज मेल्यासारखा येतो. रेघेच्या जरा अलीकडेच थांबून पुन्हा बसवून मोजा, कारण काढलेलं परत लावता येत नाही. आत बसवलेलं सॅडल ब्रिजच्या वर निदान २ मिमी दिसलं पाहिजे. चुकलंच तर नवं सॅडल स्वस्तात मिळतं, म्हणून नवख्यांनी हात आजमावायला हरकत नाही. नटच्या खाचा मात्र घरी कानशीने खोल करू नका, तिथे बारीक फाइल लागते.

हवा हा वेगळाच खर्च आहे. अखंड लाकूड ४५ ते ५५ टक्के दमटपणात खूश असतं. कोकणात आणि गोव्यात जुलैत तो ८५च्या वर जातो: टॉप फुगतो, ब्रिजमागे पोट येतं, जूनमध्ये २.५ असलेली अ‍ॅक्शन ऑगस्टमध्ये ३ दाखवते. तेव्हा सॅडल घासलं की दिवाळीनंतर टॉप बसतो आणि सगळ्या तारा फडफडायला लागतात. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलची दोन-तीन पाकिटं आणि दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर पुरे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलटं होतं. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला बोचायला लागतात. ते दिसलं की कानस शोधू नका, आधी ओलावा द्या: साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला वर भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, आणि बंद बॅगेत हेडस्टॉकजवळ ठेवून द्या. दर तीन दिवसांनी पाणी. आठवड्या-दोन आठवड्यांत बरीचशी टोकं आपोआप आत जातात, उरली तरच फ्रेटची कड घासून घ्या.