सोळा प्रश्नांची मुलाखत: दोन वर्षे वापरून पाहिल्यानंतर

मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरला जाणारा डीएसएम-५ हा अमेरिकी ग्रंथ २०१३ साली आला, तेव्हा त्यात ‘कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू’ नावाची सोळा प्रश्नांची एक मुलाखत समाविष्ट झाली. रुग्ण आपल्या त्रासाला काय म्हणतो, त्याचे कारण काय मानतो, घरच्यांना काय वाटते, आधी कोणाकोणाकडे जाऊन आला आणि आता त्याला कोणती मदत हवी आहे, हे डॉक्टरांनी त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावे, एवढा तिचा हेतू. हे प्रश्न अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ज्या सहा देशांत या मुलाखतीची चाचणी झाली त्यांत भारत होता आणि भारतातल्या केंद्रांत पुणेही होते, त्यामुळे ती आपल्याकडे अगदीच परकी नाही. तालुक्याच्या एका रुग्णालयात मनोविकार विभागाची सोशल वर्कर म्हणून काम करताना मी ती मराठीतून वापरते.

सर्वांत उपयोगी ठरला तो तिसरा प्रश्न: या सगळ्यात तुम्हाला जास्त त्रास कशाचा होतो? पन्नाशीतल्या एका बाईंना त्यांचा मुलगा घेऊन आला होता आणि केसपेपरवर ‘अंगात येते, बडबड करते’ एवढेच लिहिलेले होते. तेवढ्यावर गंभीर मनोविकाराची औषधे सुरू होऊ शकली असती. बाई म्हणाल्या, “देवी येती ती मंगळवारी, पुनवेला. तिचा कसला तरास? मला रातची झोप न्हाई, ताई. वाटणीचा खटला सुरू झाल्यापासनं डोळ्याला डोळा लागत न्हाई.” पुढे भूक, थकवा, जीव नकोसा होणे असे एकेक निघत गेले आणि डॉक्टरांनी नैराश्यावर उपचार सुरू केले. समाजात सर्वमान्य असलेल्या धार्मिक प्रथेचा भाग म्हणून अंगात येत असेल, तर त्याला आजार समजू नये, हे डीएसएममध्येही लिहिलेले आहे. पण गर्दीच्या ओपीडीत ते कोणाला आठवत नाही, प्रश्न समोर असला की आठवते.

बाराव्या प्रश्नात आधी घेतलेल्या उपचारांची चौकशी आहे. सरळ विचारले तर सगळे “कुठंच नाही” म्हणतात, कारण डॉक्टर रागावतील ही भीती असते. “उतारा, अंगारा, देवऋषी काही केलंच असेल ना, बहुतेक जण करतात” असे मीच आधी म्हटले की मग दोन वर्षांचा हिशेब बाहेर येतो, खर्चासकट. आणि हे फक्त खेड्यातल्या माणसांना विचारायचे असते, ही आमच्या खात्यातली जुनी खोड आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरने लिंबू-मिरचीपासून ग्रहशांतीपर्यंत सगळे करून झाल्याचे मला सांगितले होते, तेही मी विचारल्यावर.

मुलाखत अडते ती आठव्या प्रश्नाशी. माणसाच्या ‘पार्श्वभूमी’तला किंवा ‘ओळखी’तला कोणता भाग त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, असा हा प्रश्न. इंग्रजीत तो ठीक असेल, पण आपल्या बोलीत ओळख म्हणजे वशिला. “आमची इथं कुणाशी ओळख नाही हो” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता हसूही येत नाही. पार्श्वभूमी हा शब्द जरा समजावून सांगावा, तर समोरचा माणूस जात विचारली असे समजून गप्प होतो. शेवटी मी तो प्रश्न मोडून गाव, माहेर, भाषा, देव, धंदा असा तुकड्यातुकड्याने विचारू लागले. प्रश्नावली जशीच्या तशी वाचायची नसते, हे तिच्यासोबतच्या सूचनांतही आहे, पण एखाद्या शब्दाचा मराठीत भलताच अर्थ होतो हे वापरल्याशिवाय कळत नाही.

सोळावा प्रश्न तर बहुतेक वेळा वायाच जातो. डॉक्टर आणि तुम्ही वेगळ्या वातावरणातले असल्यामुळे ते तुम्हाला समजून घेणार नाहीत अशी काळजी वाटते का, असे टेबलापलीकडच्या माणसाला विचारल्यावर “छे छे, साहेब देवमाणूस आहेत” यापलीकडे काय येणार? नातेवाइकांसाठीची वेगळी मुलाखत मात्र घ्यावीच. आमच्याकडे रुग्ण एकटा येतो कुठे?

वेळ हा मोठा दोष. मला पूर्ण मुलाखतीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि ज्या दिवशी बाहेर ऐंशी माणसे बसलेली असतात त्या दिवशी मी तिसरा, चौथा (त्रासाचे कारण), पाचवा (घरच्यांना काय वाटते) आणि बारावा एवढेच प्रश्न घेते.

उपवासाचा प्रश्न या सोळांत नाही. धर्म आणि श्रद्धा यांवर वेगळी पुरवणी आहे, पण तिथवर पोहोचायला सवड कोणाला आहे? लिथियम हे मनोविकारावरचे औषध चालू असलेल्या माणसाने निर्जळी उपवास केला किंवा एकदम मीठ सोडले, तर औषधाचे रक्तातले प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून मी कागदाच्या खाली पेनाने सतरावा प्रश्न लिहून ठेवला आहे: उपवास कोणकोणते करता, आणि त्यात पाणी चालते का?