रेझिनमध्ये रंग: द्रव डाय की पिगमेंट?

दोन भागांच्या रेझिनला (म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाला) रंग द्यायचा तर आधी ठरवावं, आरपार दिसायला हवं की नको. डाय रेझिनमध्ये पूर्ण विरघळतो, म्हणून रंगीत काचेसारखी पारदर्शकता मिळते. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, नुसते पसरतात. त्यामुळे रंग भरीव आणि अपारदर्शक येतो.

डायचा अंदाज मात्र फसवा असतो. कपात गडद दिसलेला रंग पातळ थरात फिका पडतो आणि जाड ओतकामात जवळजवळ काळा दिसतो. म्हणून थेंब थेंब घालावा आणि जितक्या जाडीचं काम असेल तितक्याच जाडीचा छोटा नमुना आधी ओतून बघावा. पिगमेंटमध्ये ही कटकट फारशी नाही, पण पावडर तळाशी बसते. संथ सेट होणाऱ्या इपॉक्सीत (रेझिनचा एक प्रकार) तर हमखास! मिश्रण थोडं दाट झाल्यावर ओतलं की कण तरंगत राहतात. पेस्ट वापरली तर गुठळ्याही कमी होतात.

उन्हात ठेवायच्या वस्तूला मी पिगमेंटच निवडेन, कारण डाय सहसा लवकर उडतो.

दोन्हींत एक पथ्य सारखंच: रेझिन आणि हार्डनर आधी मोजून घ्या, रंग त्यानंतर. नाहीतर रंगाचं वजन मापात शिरतं आणि प्रमाण बिघडतं. रंग जास्त झाला तर रेझिन मऊ, चिकट राहू शकतं. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये पाण्यावर आधारित रंग अजिबात नको. पाण्याशी प्रतिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळा फेस होतो.