मोफत समारोहाचा साडेअठरा हजारांचा पास

बनारसच्या संकटमोचन मंदिरातल्या संगीत समारोहाला तिकीट नसतं. हनुमान जयंतीनंतर, एप्रिलच्या उन्हाळ्यात, संध्याकाळी गाणं सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि असं ओळीनं काही रात्री. कोणीही जावं, मंदिराच्या अंगणात बसावं, ऐकावं. कलाकार तिथं बिदागीसाठी येत नाहीत, हनुमंतापुढं हजेरी लावायला येतात. या समारोहाच्या नावावर सोलापुरातल्या आम्हा आठ-दहा जणांकडून एका माणसानं माणशी साडेअठरा हजार काढले. प्रवेश मोफत आहे हे त्यानं लपवलं नाही. उलट आम्हाला पहिल्यांदा तेच सांगितलं.

हा माणूस भेटला सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात, हिवाळ्यातल्या एका मैफलीला. आपल्याकडं शास्त्रीय गाणं ऐकणारे चेहरे ठरलेले. कोण कुठल्या रांगेत बसतो, कोण मध्यंतरात निघून जातो, हेसुद्धा पाठ. त्यात एखादा नवा माणूस दिसला की लगेच ओळख होते. चाळिशीचा, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलणं मऊ. पहिल्या दिवशी त्यानं काहीच विकलं नाही. गायिका बसल्यावर शेजारच्या काकांना फक्त एवढंच पुटपुटला, ‘एका तंबोऱ्याचा पंचम उतरलाय.’ थोड्या वेळानं गायिकेनं खरोखरच तंबोरा मागून घेतला आणि खुंटी पिळली. मध्यंतरात काकांनी त्याला चहा पाजला.

गाणं त्याला कळत होतं, हे मी आजही म्हणेन. ऑनलाइन ठग म्हणजे मोडकं हिंदी बोलणारा, लॉटरी लागली म्हणून फोन करणारा, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ललित रागात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम लागतात, हे चहाच्या टपरीवर गाऊन दाखवणारा माणूस त्या चित्रात कुठं बसणार?

आणि त्यानं हात घातला तो नेमका आमच्या दुखऱ्या जागेवर. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा. तो चांगलाच आहे, माझं घर मंगल कार्यालयाला लागून आहे, मला विचारा. पण त्यामुळं उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग उघड्या मैफलीतून जवळजवळ गेले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला, तोही पूर्वी रात्रभर चालायचा. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी शाल पांघरून त्या रात्री काढल्यात. त्यांच्यासमोर हा म्हणाला, ‘दहाला माइक बंद करणाऱ्या गावात तुम्ही भटियार ऐकणार कधी? सकाळी सातला रेडिओवर?’ मग पंडित जसराजांची गोष्ट काढली. वर्षानुवर्षं ते संकटमोचनला गायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना अमेरिकेतून फेसबुकवरून त्यांनी याच हनुमंतासाठी गाऊन हजेरी लावली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. गोष्ट खरी आहे. ती ऐकताना काकांचे डोळे भरून आले, हेही खरं.

पुढच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. संदेश फक्त ॲडमिन टाकणार, अशी सोय. यात्रेचे साडेअठरा हजार: रेल्वेचं थर्ड एसी जाता-येता, बनारसच्या लंका भागाजवळ एसी खोली, नाश्ता, आणि पुढच्या रांगेचा ‘देणगी पास’. खोली एसीच हवी यावर त्याचा जोर. आम्ही म्हणालो, सोलापूरकरांना कसली उन्हाची भीती दाखवता ओ, आम्ही बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये नव्या पेठेत हिंडतो. तर म्हणाला, रात्रभर जागायचंय, दिवसा झोप झाली नाही तर तिसऱ्या रात्री पेंगाल. पटलं. त्याचं बहुतेक बोलणं पटण्यासारखंच असायचं, कारण बहुतेक खरं असायचं.

ग्रुपमधल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्यांनी सरळ विचारलं होतं, ‘तिथं फुकट असतं ना हो?’ त्यावर हा म्हणाला, ‘अगदी फुकट, बाई. पास विकत मिळतच नाही. ही मंदिराला देणगी आहे, देणगीदारांना पुढं बसवतात, एवढंच. पावती मिळेल, ८०जी सकट.’ पावती आलीसुद्धा. वर मारुतीचं चित्र, खाली गोल शिक्का, सहीचा फराटा. आमच्यातला एक जण कर सल्लागाराकडं काम करतो. त्यानं ती नंतर नीट पाहिली तेव्हा म्हणाला, आयकराच्या सवलतीची पावती आणि देणगीदाराचा पॅन विचारलाच नाही? कुणालाच? मग संस्था ही देणगी आयकर खात्याला कळवणार कुणाच्या नावावर?

पैसे घ्यायची त्याची रीत नीट समजून घ्या. ग्रुपवर हिशेबाचा एक शब्द नाही. प्रत्येकाला वेगळा फोन, वेगळा यूपीआय. ‘तुमचा बर्थ वेगळा, तुमची खोली वेगळी, म्हणून वैयक्तिक पाठवतोय.’ आधी साडेसहा हजार, पंधरवड्यानं बारा हजार. यूपीआयनं पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं बँकेतलं नाव पडद्यावर येतं. मला एका अनोळखी स्त्रीचं नाव दिसलं. ‘ही कोण?’ विचारलं तर म्हणाला, बहीण, ऑफिसचं सगळं तीच बघते. आमच्यातल्या अण्णांना दिसलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव, काकांना तिसरंच. ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळालं होतं आणि ज्याचं त्याचं समाधान झालं होतं. ही नावं एका कागदावर लिहिली असती तर तिथंच संपलं असतं, पण एकमेकांना विचारावं असं वाटायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. पोलिसांकडं गेल्यावर कळलं की अशी खाती बहुतेक भाड्यानं घेतलेली असतात. महिन्याला थोडे पैसे देऊन कुणा गरजवंताचं पासबुक, एटीएम कार्ड, सिम सगळं ताब्यात घ्यायचं.

कार्यक्रमपत्रिका तर अजब होती. ग्रुप काढायच्या आधी त्यानं प्रत्येकाला प्रेमानं विचारलं होतं, कुणाला ऐकायला आवडेल? काकांनी दोन गायक सांगितले, बाईंनी ओडिसी नृत्य, मी सरोद, अण्णांनी कर्नाटकी व्हायोलिन. जानेवारीतच जे पोस्टर आलं त्यात ही झाडून सगळी मंडळी होती, आणि बहुतेक आम्ही असणार त्याच रात्रींना. आम्ही खूश. कलाकारांची खरी यादी समारोह जवळ आला की जाहीर होते, एवढे महिने आधी नाही. ते पोस्टर म्हणजे आमच्याच आवडीनिवडींची बेरीज होती.

बिंग फुटलं ते रेल्वेमुळं. सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं गाव, दर चौथ्या घरात कुणीतरी रेल्वेत. जानेवारी संपायच्या आत याने ‘कन्फर्म’ तिकिटांचे फोटो पाठवले, पीएनआरच्या दहा आकड्यांपैकी शेवटचे चार काळे केलेले. कारण काय, तर सुरक्षितता! बाईंच्या मेहुण्यांनी ते सहज पाहिलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. फोटो मोठा करून म्हणाले, ‘ओ ताई, एप्रिलच्या मधल्या गाडीचं बुकिंग अजून उघडलंच नाही की. आता साठ दिवस आधी उघडतं. ह्यानं कन्फर्म आणलं कुठून?’

पूर्वी बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, आणि २०२५ चा समारोह एप्रिलच्या मध्याला होता, म्हणजे तिकिटं फेब्रुवारीच्या मध्याआधी निघणं शक्यच नव्हतं. गाणं ऐकणाऱ्या माणसाला ही तारीख कोण सांगणार? त्याचा भरवसा त्यावरच असावा. त्याच रात्री बाईंनी हॉटेलचा नंबर स्वतः शोधला, त्यानं दिलेला नाही, आणि फोन केला. आमच्या कुणाच्याच नावावर तिथं खोली नव्हती. ग्रुपवर आलेले खोलीचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले तर ते जयपूरच्या एका हॉटेलचे निघाले.

जाब विचारल्यावर तो अजिबात चिडला नाही. एजंटनं मला गंडवलं, म्हणाला. आवाज रडवेला. माझीच अब्रू गेली, सगळ्यांचे पैसे आज रात्री परत करतो. आणि प्रत्येकाला एकेक क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, परतावा जमा होईल.

यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला, पैसे घ्यायला नाही. बाईंनी ग्रुपवर लिहायला घेतलं, पण संदेश फक्त ॲडमिनचे. त्यांनी एकेकाला फोन लावले. अण्णांचा फोन लागला तेव्हा अण्णा म्हणाले, ‘अक्का, टाकला की ओ आत्ताच. नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेले बघा.’

अण्णांच्या मुलानं तिथल्या तिथं १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. तिकडून विचारतात ते असं: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूटीआर. तो ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, शोधायला वेळ लावू नका. अण्णांची रक्कम गेल्याला तास झाला नव्हता, म्हणून पुढच्या खात्यात ती बरीचशी अडवता आली. अडवली म्हणजे लगेच हातात आली असं नाही, त्याला पुढं कागदपत्रांचं लचांड असतं. आमचे आधीचे हप्ते मात्र कधीच एटीएममधून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून शहराच्या सायबर पोलिसांकडं गेलो. फसवणुकीला पूर्वी चारशेवीस म्हणायचो, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ आहे. एकेकट्यानं आपली रक्कम लहान समजून गप्प बसण्यापेक्षा हे बरं झालं. वेगवेगळी खाती, एकच माणूस, हे तिथं टेबलावर मांडता आलं.

एक गोष्ट हाताशी होती म्हणून निभावलं. संशय आल्याबरोबर बाईंनी सगळे संदेश, तिकिटं, पावत्या, पोस्टर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. रात्रीतून त्यानं आपले ताजे संदेश ‘सगळ्यांसाठी’ पुसले, ग्रुप रिकामा केला, डीपी काढला. काकांनी रागानं स्वतःच सगळी चॅट उडवून टाकली होती, त्यांचा जबाब नुसता तोंडी राहिला.

एप्रिलमध्ये आम्ही काही जण गेलोच. काकांचा हट्ट. तिकिटं बुकिंग उघडलं त्या सकाळी स्वतः काढली, स्लीपरची. अस्सी घाटाजवळ साधी खोली, कूलर होता, चालला. सगळं धरून खर्च त्या माणसाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. चप्पल काढायची, आत जायचं, जागा मिळेल तिथं बसायचं. आजूबाजूला माकडं, प्रसादाचे लाडू, घामानं चिकटलेले कपडे, मांडीवर झोपलेली पोरं. शेजारी बसलेल्या एका बनारसी आजोबांना काकांनी पासाबद्दल विचारलं. ते एवढे हसले की पुढच्या माणसानं वळून पाहिलं. ‘पास? यहाँ काहे का पास? जल्दी आइए, आगे बैठिए.’ दुसऱ्या दिवशी आम्ही ऊन उतरायच्या आत जाऊन बसलो, आणि जागा छान पुढची मिळाली. त्या पहाटे ललित झाला. काका काही बोलले नाहीत. मला मात्र मध्येच तो टपरीवर गाऊन दाखवलेला ललित आठवला आणि राग आला. एवढं चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाचा जास्तच राग येतो.

तक्रारीचं पुढं चाललंय, तारखा पडतात. अलीकडं लातूरच्या एका ओळखीच्या तबलजींनी एक पोस्टर पाठवलं: मे महिन्यात पहाडात संगीत महोत्सव, मोजक्याच जागा, ‘सहयोग राशी’ वेगळी. नाव दुसरं आहे, नंबर दुसरा आहे, पण कलाकारांच्या यादीवरचा मजकूर शब्दन् शब्द आमच्या पोस्टरवरचा आहे. आम्ही तो पोलिसांकडं दिलाय. लातूर, धाराशिव, पंढरपूर, गुलबर्गा इकडच्या मैफलींत कुणी नवा रसिक भेटला आणि चौथ्या भेटीत तुम्हाला कुणाला ऐकायला आवडेल असं विचारून वहीत लिहून घ्यायला लागला, तर त्याला उत्तर द्यायच्या आधी शेजारच्याला विचारा की त्यालाही हेच विचारलंय का. आणि पैसे गेलेच असतील तर चॅट पुसू नका, आधी १९३० लावा.